भाऊचा माऊ का होतो?

गणपतीला आठ दिवस उरले की आमच्या दुकानात झोप हा प्रकार बंद असतो. मंडळांचे फ्लेक्स, पावती पुस्तकं, कमानीवरची नावं, शुभेच्छुकांच्या फोटोंच्या रांगा. अशाच एका रात्री एक कार्यकर्ता पेन ड्राइव्ह घेऊन आला. डिझाइन त्यांच्यातल्याच कुणीतरी केलेलं, आम्ही फक्त छापायचं. छापलं, रिंगा मारल्या, गुंडाळी करून दिली. सकाळी फोन. चौकात १२ बाय ८ चा फ्लेक्स चढला होता आणि त्यावर हात जोडून उभ्या असलेल्या माणसाच्या फोटोखाली फूटभर उंच पिवळ्या अक्षरांत नाव होतं: माऊ.

फाइल उघडून पाहिली. टाइप केलेलं ‘भाऊ’च होतं. डिझाइन करणाऱ्याने एक साधा, सडपातळ फॉन्ट घेतला होता आणि ‘जरा ठसठशीत पाहिजे’ म्हणून त्याला त्याच पिवळ्या रंगाची जाडजूड आउटलाइन मारली होती. अक्षर फुगलं. फुगताना भ च्या डोक्यावरची फट बुजली. ती बुजली की भ चा म होतो. भाऊंना माऊ करायला एवढंच पुरतं.

रात्री दोनला आमच्या पोराने ते पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही, कारण ‘भाऊ’ हा शब्द आपण वाचतच नाही, गृहीत धरतो. पण त्या दिवसापासून फटींकडे बघायची सवय लागली. आणि मग लक्षात आलं की जाड, गुबगुबीत, हाताने काढल्यासारखं दिसणारं देवनागरी अक्षर तयार करणं हे दिसतं तितकं पोरखेळाचं काम नाही. दिसतं मात्र पोरखेळासारखंच, आणि तसंच दिसायला हवं असतं.

उदाहरण म्हणून ‘मोदक’ हा फॉन्ट घेऊ. मुंबईतल्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटातल्या सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो केला. आधी हाताने रेखाटलेली अक्षरं, मग त्यांचा फॉन्ट. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, देवनागरी आणि रोमन दोन्ही. तुम्ही तो पाहिलेला असणार, नाव माहीत नसेल इतकंच. खाऊच्या पाकिटावर, लहान मुलांच्या शिबिराच्या जाहिरातीत, वाढदिवसाच्या बॅनरवर जिथे अक्षरं पोट सुटल्यासारखी टम्म फुगलेली आणि त्यांच्या आत पांढऱ्या बारीक चिरा दिसतात, तो बहुतेक मोदक.

फॉन्टचे ढोबळमानाने दोन संसार असतात. एक वाचायचा आणि एक बघायचा. वर्तमानपत्राच्या बातमीतला फॉन्ट वाचायचा. तो डोळ्यांत भरला तर त्याचं काम बिघडलं, कारण आपलं लक्ष मजकुरावर असायला हवं. दुकानाची पाटी, नाटकाची जाहिरात, चॉकलेटचं वेष्टन यांवरचा फॉन्ट बघायचा. त्याला चार शब्दांत उभं राहून ‘इकडे बघ’ म्हणायचं असतं. आपल्याकडे छापील देवनागरीची जडणघडण झाली ती मुख्यतः पहिल्या संसारात. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला, आणि त्याचे सुबक खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे ठसे, पिढ्यान्‌पिढ्या संस्कृत ग्रंथांत आणि पोथ्यांत वाचले गेले. मोठ्या, जाड, जाहिरातीच्या अक्षरांचं काम मात्र बराच काळ पेंटरच्या ब्रशने केलं. तिकडे लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच भिंतीवरच्या जाहिरातींसाठी लठ्ठ रोमन खिळे ओतायला लागले होते. १९२२ साली शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपरचा ‘कूपर ब्लॅक’ आला, आणि गोलमटोल रोमन अक्षर म्हटलं की आजही पहिलं नाव त्याचंच निघतं.

मग देवनागरीत हे एवढं अवघड का?

एक कागद घ्या आणि त्यावर ण काढा. आता पट्टीने त्याच्या मधोमध एक आडवी रेघ मारा आणि डावीकडून उजवीकडे मोजा. काळी उभी रेघ, पांढरी जागा, काळी रेघ, पांढरी जागा, शेवटी काळा दंड. तीन काळे, दोन पांढरे. समजा अक्षराची रुंदी १० भाग आहे. प्रत्येक काळी रेघ १ भागाची असेल तर काळ्याला ३ गेले, उरलेले ७ दोन पांढऱ्यांना, म्हणजे साडेतीन साडेतीन. ऐसपैस. आता रेघ ३ भागांची करा. काळ्यालाच ९ लागले. पांढऱ्याला एकूण १ उरला, म्हणजे प्रत्येकी अर्धा. याहून एक पाऊल पुढे गेलात की ण जाऊन चौकोनी वीट उरते.

यावर उपाय आहे. ण रुंद करा. १० चा १४ केला की पुन्हा श्वास घेता येतो. रुंदीत सूट असते, म्हणून गुबगुबीत फॉन्टमधली अक्षरं नेहमी आडवी पसरलेली दिसतात. ही हौस नसते, गरज असते.

खरी पंचाईत उंचीत होते. आता इ काढा आणि वरून खाली मोजा. शिरोरेघ, तिच्याखाली एक वळण, मग दुसरं, मग तिसरं, आणि खाली शेपूट. चार-पाच काळे थर, त्यांच्यामध्ये पांढरे थर, आणि हे सगळं त्याच उंचीत जिच्यात शेजारचा ग नुसता मोकळा उभा आहे. रुंदी वाढवता येते तशी उंची वाढवता येत नाही, कारण ओळीतल्या सगळ्या अक्षरांची उंची एकच असते. एकटा इ उंच केला तर तो बाकीच्यांच्या डोक्यावरून डोकावेल. त्यामुळे जाड फॉन्ट काढणाऱ्याला आडव्या रेघा उभ्या रेघांपेक्षा बारीक ठेवाव्या लागतात, तेही इ मध्ये जास्त, ग मध्ये कमी, आणि तरी दोघं शेजारी बसल्यावर एकाच घरातले वाटायला हवेत. सगळ्या रेघा मोजून समान जाडीच्या केल्या तर इ काळाकुट्ट आणि ग फिकट दिसतो. इथे पट्टीचं ऐकून चालत नाही, डोळ्याचं ऐकावं लागतं.

आउटलाइन मारण्याचा घोटाळा इथेच आहे. कॉम्प्युटर डोळ्याचं ऐकत नाही. अक्षराच्या काठावर २ सेंटिमीटरची आउटलाइन दिली की १ सेंटिमीटर आत जाते, १ बाहेर येते. आतली त्याच रंगाची, ती दिसत नाही. बाहेरची प्रत्येक काठाला लागते. भ च्या फटीला काठ दोन, म्हणजे २ सेंटिमीटरची फट सरळ बंद. मोठ्या पोकळ्यांना या २ सेंटिमीटरने काही होत नाही, लहान फटी मात्र जीव सोडतात. आणि देवनागरीत अर्थ नेमका लहान फटींत असतो.

हे जरा जवळून बघा. भ आणि म. ध आणि घ. थ आणि य. तिन्ही जोड्यांत एक अक्षर डोक्यावरून सलग झाकलेलं आहे आणि दुसऱ्याच्या डोक्यावरची रेघ तुटलेली, त्या तुटलेल्या जागी एक छोटी गाठ किंवा वळसा. ती फट हाच खरा अक्षराचा मुद्दा, बाकीचं शरीर जवळजवळ सारखंच. ‘धन’ आणि ‘घन’, ‘भात’ आणि ‘मात’. शिवाय व आणि ब. ब म्हणजे व च्या पोटात एक तिरपी रेघ. पोटच उरलं नाही तर तिरपी रेघ कुठे मारणार? ‘बाबा’ची ‘वावा’ होते. प आणि ष यांचंही तेच. ख ची अडचण तर जुनीच आहे, र आणि व सुटे दिसले की ‘खाना’चं ‘रवाना’ होतं, म्हणून पुढे ख चं पाऊल खाली जोडून घ्यायची पद्धत रूढ झाली. म्हणजे इथे जोडायचं आणि तिथे तोडायचं. जाड अक्षर करताना दोन्ही सांभाळायचं.

आता मोदक फॉन्टने काय केलं ते बघण्यासारखं आहे. साधारण कुणीही या अडचणीत सापडला की तडजोड करतो, पोकळी वाचवायला जाडी थोडी कमी करतो. यांनी उलट टोक गाठलं. पोकळ्या जवळजवळ संपवूनच टाकल्या आणि जिथे पोकळी अर्थासाठी लागतेच तिथे फक्त एक चीर ठेवली. अक्षर म्हणजे एक काळा गोळा आणि त्यावर नेमक्या जागी मारलेल्या चार बारीक चिरा. भ ची फट चिरेने दाखवायची, ण ची पोटं चिरांनी दाखवायची.

नाव किती चपखल आहे हे उकडीचे मोदक केले असतील त्यांना लगेच कळेल. मोदक कशाने मोदक होतो? सारण तेच, पीठ तेच. कळ्यांनी होतो. पारीच्या कडेला चिमटीने एकेक कळी पाडत जायचं, दोन कळ्यांमध्ये बारीक रेघ राहते, त्या रेघा वर नाकापाशी एकत्र येतात. हात ओला झाला, पीठ सैल झालं, कळ्या मिटल्या की उरतो तो गोळा. आमची आई अशा मोदकांना सरळ ‘लाडू’ म्हणायची आणि शेवटच्या पंगतीला ढकलायची. फॉन्टचंही तसंच आहे. चिरा मिटल्या की लाडू.

चिरेला जाडी किती द्यायची हे पुन्हा साधं गणित नाही. सगळीकडे एकसारखी चीर दिली तर लांब चीर जाड वाटते आणि आखूड चीर दिसतच नाही. चीर गोळ्याच्या मध्यात जाऊन संपते तिथे टोक किंचित मोकळं ठेवावं लागतं, नाहीतर छपाईत शाई पसरून टोक आधी भरतं. दोन रेघा एकमेकींना भेटतात त्या कोपऱ्यात काळ्याचा डाग जमतो, तो थोडा खरवडावा लागतो. हे सगळं बघणाऱ्याला कधीच कळू नये अशी अपेक्षा असते.

एवढं झाल्यावर सुटी अक्षरं झाली. मग जोडाक्षरं येतात, आणि रोमन लिपीचे गुबगुबीत फॉन्ट करणारा इथपर्यंत कधी पोचतच नाही. इंग्रजीत २६ मोठी, २६ छोटी, आकडे आणि विरामचिन्हं केली की बरंचसं काम संपतं. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक ठरवून देणाऱ्या यादीत, देवनागरीला जागा आहेत १२८, पण फॉन्टमध्ये काढावे लागणारे आकार काही शे होतात, कारण जोडाक्षरांना वेगळी जागा नसते, ती फॉन्टच्या आतच ठरतात. ‘सिद्धिविनायक’ टाइप करा. त्यातला द्ध बघा. एका अक्षराच्या उंचीत द आहे आणि त्याच्या अंगाखाली ध लटकला आहे. सडपातळ फॉन्टमध्येही तो कोंबलेला वाटतो. जाड फॉन्टमध्ये दोन लठ्ठ माणसं एका सीटवर. कुणीतरी अंग चोरायलाच हवं, म्हणून या आकारापुरत्या सगळ्या रेघा बारीक कराव्या लागतात, पण इतक्याही नाही की शब्दामधला तेवढाच भाग आजारी दिसेल.

आणि इथेही फट आहेच. ‘उद्घाटन’ या शब्दात द ला घ जोडलेला असतो, पण निम्म्या महाराष्ट्रातल्या बॅनरांवर तो द्ध असतो. बऱ्याचदा चूक टाइप करणाऱ्याची असते. पण कधीकधी शब्द बरोबर टाइप केलेला असतो आणि फॉन्टच्या त्या चिमुकल्या जोडाक्षरात ध कुठला आणि घ कुठला हेच उरलेलं नसतं. म्हणून मी अशा ठिकाणी मुद्दाम पाय मोडून ‘उद्‌घाटन’ असं सुटं लिहितो. दिसायला थोडं ओबडधोबड, पण वाचता येतं.

डोक्यावर तर वेगळीच गर्दी. ‘सार्वजनिक’ मध्ये व वर रफार. ‘मूर्ती’ मध्ये रफार आणि वेलांटी एकाच जागेवर हक्क सांगतात. ‘गंमत’ मधला अनुस्वार साधा ठिपका, पण गुबगुबीत घराण्यात तोही लाडवाएवढा होतो आणि शिरोरेघेला चिकटायला बघतो. पहिल्या वेलांटीची तर आणखी गंमत. ‘स्थिती’ टाइप करताना पहिली वेलांटी थ नंतर येते, पडद्यावर ती उडी मारून स्थ च्या आधी जाऊन बसते, आणि तिची कमान अर्ध्या स वरून थेट थ च्या दंडापर्यंत पोचायला हवी. ‘दिन’ मध्ये तीच कमान आखूड हवी. म्हणून चांगल्या फॉन्टमध्ये एकाच वेलांटीचे वेगवेगळ्या लांबीचे आकार ठेवलेले असतात आणि पुढचं अक्षर बघून योग्य तो निवडायचा नियम फॉन्टमध्येच लिहिलेला असतो. तुम्ही ‘स्थिती’ लिहिता तेव्हा हे सगळं क्षणात होतं. वाईट फॉन्टमध्ये होत नाही, आणि कमान हवेत लोंबकळत राहते.

मराठीची म्हणून आणखी दोन तपासण्या. आपला ल आणि श हिंदीतल्या वळणापेक्षा वेगळा असतो. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि भाषा मराठी ठरवली तर मराठी वळण उमटतं, नाहीतर हिंदी. दुसरी तपासणी ‘ऱ्य’ची. ‘आचार्यास’ दक्षिणा दिली आणि ‘आचाऱ्यास’ दक्षिणा दिली यांत पहिला गुरू आणि दुसरा स्वयंपाकी. हा अर्धा र नसलेला फॉन्ट मराठीसाठी घेऊच नये, मग तो कितीही गोड दिसो.

आता ‘हाताने काढल्यासारखं’ म्हणजे काय? याबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. वाकडंतिकडं काढलं की हातचं दिसतं, असं वाटतं. तसं काढून बघा, नुसतं वाकडं दिसेल. सराईत हाताचं अक्षर वाकडं नसतं, ते फक्त यंत्राइतकं सरळ नसतं. दंड किंचित पोटाशी फुगलेला असतो. टोकं गोल असतात, पण प्रत्येक टोकाचा गोल वेगळा. शिरोरेघ सुरू होते तिथे थोडी जाड, संपते तिथे थोडी ढिली. नेहमीच्या फॉन्टमध्ये एकच दंड काढून तो ग, त, प, म अशा सगळ्यांना लावला तर काम झटपट होतं. हातचा भास हवा असेल तर ही काटकसर परवडत नाही. प्रत्येक दंड जरा निराळा हवा, तोही ठरवून निराळा. चूक वाटावी, पण ती चुकून झालेली नसावी.

यात एक अडचण मात्र मुळातच आहे. फॉन्ट म्हणजे ठरलेले आकार पुन्हा पुन्हा वापरणं. ‘ममता’ लिहिलं की दोन्ही म हुबेहूब जुळे येतात, आणि हाताचं सोंग तिथे उघडं पडतं. माणूस दोनदा तोच म काढत नाही. काही फॉन्टमध्ये एका अक्षराचे दोन-तीन पर्याय ठेवून ते आळीपाळीने वापरायची सोय असते, पण देवनागरीच्या शेकडो आकारांना दोनने गुणायचं म्हटलं की हिंमत लागते. कमल शेडगे यांच्यासारखे कलावंत नाटकांच्या जाहिरातींसाठी नावं काढायचे तेव्हा हा प्रश्नच नव्हता. ते अक्षर त्या एका नावासाठी, त्या एका नाटकासाठी जन्माला यायचं. शोकांतिकेचा म वेगळा, फार्सचा म वेगळा. त्याला अक्षरांकन म्हणतात, फॉन्ट नाही. फॉन्ट करणाऱ्याला पुढे कुठला शब्द येणार हे माहीत नसतं. मोदकातला म बारशाच्या पत्रिकेवर बसेल, ‘मोफत’ वर बसेल, आणि उद्या कुणी श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरही बसवेल. (बसवलेला पाहिला आहे. गुबगुबीत, हसऱ्या अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. गेलेला माणूस विनोदी होता म्हणे.)

गुबगुबीत अक्षराचा इथे एक छुपा फायदा आहे. रेघ जितकी बारीक तितके जुळे म पटकन ओळखू येतात. गोळा झालेल्या अक्षरात बघणाऱ्याचं लक्ष एकूण आकाराकडे जातं, बारकावे तुलनेने झाकले जातात.

हाताचं रेखाटन फॉन्टमध्ये जातं कसं, हेही दोन ओळींत सांगतो. कागदावरचं चित्र स्कॅन करून त्याच्या काठावर बिंदू टाकतात आणि बिंदूंमधली वळणं सूत्राने ओढली जातात. नवशिका माणूस काठ जसाच्या तसा गिरवायला शेकडो बिंदू टाकतो आणि अक्षर काटेरी होतं. जाणकार मोजके बिंदू टाकतो, वळणाच्या टोकांवर. मग प्रत्येक अक्षराला डावी-उजवी मोकळी जागा द्यायची. रोमनमध्ये अक्षरं सुटी असतात म्हणून हे मोकळेपणाने करता येतं. देवनागरीत शिरोरेघा एकमेकींना भिडल्या पाहिजेत, म्हणून प्रत्येक अक्षराची रेघ आपल्या हद्दीबाहेर जराशी डोकावते आणि शेजारच्या रेघेवर चढते. फ्लेक्स करणाऱ्यांना हा सांधा चांगला माहीत असतो. अक्षरांना वेगळ्या रंगाची बॉर्डर दिली की प्रत्येक सांध्यावर ती बॉर्डर मध्येच उगवते, रेघेचे तुकडे दिसतात. आधी कर्व्ह करायचं, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार करायचे, मग वेल्ड करायचं, म्हणजे ते आकार जोडून एक करायचे, मग बॉर्डर. निम्मे बॅनर ही मधली पायरी विसरतात.

वापरण्याबद्दल आता थोडं, कारण माझी भाकरी त्यावर आहे.

मोदकाला जाडी एकच आहे आणि त्या जाडीचं नाव ‘रेग्युलर’. फॉन्टच्या यादीत ते वाचून मला दर वेळी हसू येतं. पण या नावामुळेच घोळ होतो. लोक वर्डमध्ये मोदक निवडतात आणि सवयीने बोल्डचं बटण दाबतात. फॉन्टमध्ये बोल्ड नाहीच, मग सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने काठ फुगवतं, म्हणजे आउटलाइनचाच प्रकार. चिरा बंद. कळ्या मिटल्या. वेबसाइटवरही ब्राउझर हाच उद्योग करतो, मथळा आपोआप बोल्ड असतो म्हणून. तिथे जाडी ४०० वर, म्हणजे रेग्युलरवर, बांधून ठेवायची.

दुसरी गोष्ट आकाराची. समजा चीर अक्षराच्या उंचीच्या पन्नासाव्या भागाएवढी आहे. फूटभर म्हणजे साधारण ३०० मिलिमीटर उंच अक्षरात ती ६ मिलिमीटरची होते. माणसाच्या डोळ्याची बारकाई लक्षात घेता ६ मिलिमीटरची चीर सुमारे २० मीटरवरून सुटी दिसते. म्हणजे पलीकडच्या फूटपाथवरून वाचता येईल, उड्डाणपुलावरून नाही. तेच अक्षर पत्रिकेत ४ मिलिमीटर उंच छापलं तर चीर ०.०८ मिलिमीटर. ती शाईने पहिल्याच कागदावर गिळली. म्हणून मोदक नावाला, मथळ्याला. खाली कार्यक्रमपत्रिका त्याच फॉन्टमध्ये लावायचा हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकाला मी एक प्रत काढून देतो आणि मोठ्याने वाचायला सांगतो. हट्ट सुटतो.

रंगाचंही आहे. गडद लाल पाटीवर पांढरं गुबगुबीत अक्षर दिलं की पांढरा रंग डोळ्यांना पसरलेला वाटतो आणि त्यातल्या लाल चिरा आहेत त्याहून बारीक दिसतात. उलट केलं, फिक्या पाटीवर गडद अक्षर, तर चिरा खुलतात. विनाइल कापून लावायचं असेल तर फारच लहान आकार घेऊ नका. चिरेतली पट्टी सुईने सोलताना तुटते आणि कापणारा कारागीर तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

ज्यांना गोडवा हवा पण इतका तुपकट नको, त्यांच्यासाठी त्याच ‘एक टाइप’चा ‘बलू’ आहे. जाड आणि गोलसर, पण पोकळ्या शाबूत. या फॉन्टचं कुटुंब फार मजेशीर आहे. तोच स्वभाव त्यांनी वेगवेगळ्या लिप्यांत उतरवला आणि प्रत्येकाला तिथलं घरगुती नाव दिलं. गुजराती तो बलू भाई, बंगाली तो बलू दा, गुरुमुखी तो बलू पाजी, तमिळ तो बलू थंबी, मल्याळम तो बलू चेट्टन, उर्दू तो बलू भाईजान. पुढच्या ‘बलू २’ मध्ये पाच जाड्या आल्या, त्यामुळे मथळा आणि खालचा मजकूर एकाच घरात भागवता येतो. मोदक आणि बलू दोन्ही खुल्या परवान्यावर आहेत. धंद्यासाठी वापरा, बदल करा, पैसे मागणार कुणी नाही. फॉन्ट तेवढा सुटा विकायचा नाही.

भाऊंचा फ्लेक्स मी बलूमध्ये पुन्हा लावून त्याच दुपारी छापून दिला, अर्ध्या पैशांत. चूक आमची नव्हती, पण गणपतीत वाद घालायचा नसतो, शिवाय माणूस रोज समोरून जाणारा.

त्यानंतर दुकानात एक नियम केला. नवा जाड फॉन्ट आला की त्यात दोन ओळी टाइप करायच्या, एकाखाली एक:

भरत धावत थांबला.
मरत घावत यांवला.

दुसऱ्या ओळीला अर्थ नाही. पहिलीतल्या सगळ्या फटी बुजल्या तर जे उरेल ते म्हणजे ती. ए-फोरवर प्रत काढायची, समोरच्या भिंतीला चिकटवायची आणि दुकानाच्या दारातून बघायचं. दोन ओळी वेगळ्या दिसल्या तर फॉन्ट ठेवायचा. गेल्या आठवड्यात कुणीतरी एक नवीन, फारच लाडिक दिसणारा फॉन्ट पाठवला. प्रत लावली. आमचं पोरगं दारात जाऊन उभं राहिलं, डोळे बारीक केले, आणि तिथूनच ओरडलं, “दादा, यातही भरत मेला.”